मराठी विकिपीडियावर लिहू लागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून नवे सदस्य जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत, त्यांपैकी नेहमीचे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी समजावे अशी मांडणी आहे. एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विकिपीडियावर लिहायला कोणाची परवानगी लागते का? मी त्या विषयातला तज्ज्ञ नाही.

परवानगी लागत नाही आणि पदवीही कोणी विचारत नाही. लिहिणारा कोण आहे यापेक्षा लिहिलेल्या वाक्याला आधार काय आहे, हे येथे पाहिले जाते. इतिहासाच्या प्राध्यापकांनी संदर्भ न देता लिहिलेला परिच्छेद काढला जाऊ शकतो, तर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने गॅझेटियरचा पृष्ठक्रमांक देऊन लिहिलेले एकच वाक्य वर्षानुवर्षे टिकते. तज्ज्ञांना हे सुरुवातीला खटकते, आणि ते खटकणे समजण्यासारखे आहे. पण अनोळखी माणसांनी एकत्र येऊन लिहिलेल्या कोशाला विश्वासार्ह राहण्याचा याहून बरा मार्ग अद्याप सापडलेला नाही. ‘प्रचालक’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते सदस्य उत्पात (लेखांची मुद्दाम केलेली नासधूस) रोखणे, पाने सुरक्षित करणे, नको असलेली पाने काढणे अशी देखभालीची कामे करतात. ते संपादक मंडळ नव्हे; तुमचा लेख त्यांच्याकडे मंजुरीसाठी पाठवावा लागत नाही.

२. खाते उघडणे सक्तीचे आहे का? खरे नाव द्यावे का?

बहुतेक पानांवर खाते न उघडताही बदल करता येतात, परंतु खाते उघडणे सर्व बाजूंनी सोयीचे आहे. तुमचे सर्व योगदान एका नावाखाली दिसते, इतर सदस्यांना तुमच्याशी बोलता येते आणि ज्या लेखांवर लक्ष ठेवायचे आहे त्यांची यादी करता येते. खरे नाव देण्याची गरज नाही; टोपणनाव चालते. संस्थेच्या किंवा दुकानाच्या नावाने खाते मात्र उघडू नये, कारण खाते एका व्यक्तीचे असावे अशी अपेक्षा असते आणि अशा नावामुळे जाहिरातीचा संशय पहिल्याच दिवशी येतो. एकदा उघडलेले खाते इंग्रजी, हिंदी, कोंकणी अशा सर्व भाषांतील विकिपीडियांवर आणि विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्रांच्या व ध्वनिमुद्रणांच्या साठ्यावरही चालते.

३. पहिले संपादन कोणते करावे? थेट नवा लेख लिहू का?

नवा लेख पहिल्या दिवशी लिहू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. चाचणी घ्यायची असेल तर ‘धूळपाटी’ हे पान त्यासाठीच आहे; तेथे काहीही लिहा, पुसा, बिघडवा. त्यानंतर अस्तित्वात असलेल्या एखाद्या लेखातील शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करावी, आणि मग एक वाक्य व त्याचा एक संदर्भ जोडावा. बदल प्रकाशित करण्यापूर्वी ‘झलक’ पाहावी आणि काय केले ते सारांशाच्या चौकटीत थोडक्यात लिहावे, उदाहरणार्थ ‘लोकसंख्येचा आकडा २०११ च्या जनगणनेनुसार दुरुस्त केला’. रिकाम्या सारांशाचा बदल गैर नसतो, पण तो तपासणाऱ्याला प्रत्येक शब्द स्वतः ताडून पाहावा लागतो.

सुरुवात कोठून करावी हे सुचत नसेल तर आपल्या तालुक्यातील गावांचे लेख उघडून पाहावेत. त्यांतील पुष्कळ लेख एकाच साच्यातून निघालेले आहेत: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळे सगळे आहेत आणि कित्येक मथळ्यांखाली एकही ओळ नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागणिक लोकसंख्या, शाळा, पाणीपुरवठा यांची माहिती छापलेली असते. ती घेऊन ‘नागरी सुविधा’ या मथळ्याखाली तीन वाक्ये लिहिली तरी त्या लेखाला प्रथमच आशय मिळतो. या कामात वाद होत नाहीत, संदर्भ हाताशी असतो आणि संपादनाची सवयही होते.

४. मराठीत टंकलेखन कसे करावे? शोधल्यावर लेख सापडत नाही, पण लेख आहे असे सगळे सांगतात.

टंकलेखनाची सोय संकेतस्थळातच आहे. लिहिण्याच्या चौकटीत आल्यावर कळफलकाचे चिन्ह दिसते. तेथून ‘अक्षरांतरण’ (रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवणे) किंवा ‘इन्स्क्रिप्ट’ (मराठी अक्षरांची स्वतंत्र मांडणी) निवडता येते आणि कंट्रोल व एम या कळा एकत्र दाबून मराठी चालू-बंद करता येते. मोबाइलवर फोनचा स्वतःचा मराठी कळफलक पुरेसा आहे.

लेख न सापडण्याचे कारण बहुधा अक्षरांच्या जुळणीत असते. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकित होते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी शीर्षके वाटतात. ‘ऱ्या’मधील अर्ध्या र-चेही तसेच आहे; काही जुने कळफलक तेथे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. म्हणून ‘ॲ’ने सुरू होणारा किंवा ‘ऱ्य’ असलेला लेख ‘नाही’ असे समजून नवा तयार करण्यापूर्वी शीर्षकाचा उरलेला भाग टाकून शोध घ्यावा. दोन्ही रूपे प्रचलित असतील तर एकावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे एक शीर्षक उघडले की वाचक आपोआप दुसऱ्यावर पोहोचतो. एकाच विषयाचे दोन लेख झालेच असतील तर दुसऱ्यातला मजकूर पहिल्यात आणून ती दोन पाने एकत्र करण्याची विनंती लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर नोंदवावी.

५. मी दुवा दिला, पण तो लाल दिसतो. असे का?

लाल दुवा म्हणजे त्या शीर्षकाचे पान नाही. मराठीत याचे सर्वांत सामान्य कारण विभक्ती हे आहे. लेखाचे नाव ‘कोल्हापूर’ आहे, तुम्ही वाक्यात ‘कोल्हापुरात’ लिहिता आणि त्यालाच दुवा तयार करणारे दुहेरी चौकोनी कंस घालता. ‘कोल्हापुरात’ नावाचा लेख नसल्याने दुवा लाल होतो. यासाठी उभी रेघ वापरावी: [[कोल्हापूर|कोल्हापुरात]], [[पुणे|पुण्याच्या]], [[सातारा जिल्हा|सातारा जिल्ह्यातील]]. रेघेच्या डावीकडे लेखाचे नेमके शीर्षक असते आणि उजवीकडे वाचकाला दिसणारा शब्द. जेथे सामान्यरूप बदलत नाही तेथे प्रत्यय कंसाबाहेर जोडला तरी चालतो, जसे [[गोदावरी नदी]]च्या. दृश्य संपादक (कंसासारख्या खुणा न लिहिता लेख दिसतो तसाच बदलण्याची सोय) वापरत असाल तर शब्द निवडून दुव्याच्या चिन्हावर टिचकी मारावी आणि यादीतून लेख निवडावा.

नाव बरोबर असूनही दुवा लालच राहिला तर प्रश्न ४ पाहावा. आणि लेख खरोखरच नसेल तर लाल दुवा पुसू नये. तो इतरांना ‘हा विषय अजून बाकी आहे’ असे सांगत राहतो.

६. संदर्भ म्हणून नेमके काय चालते? माझ्याकडे वर्तमानपत्राचे कात्रण आहे, एक ब्लॉग आहे आणि एक जुने पुस्तक आहे.

ज्या प्रकाशनामागे संपादनाची आणि जबाबदारीची काही व्यवस्था आहे, ते संदर्भ म्हणून चालते: नामांकित प्रकाशनाचे पुस्तक, विद्यापीठीय संशोधन, शासकीय गॅझेटियर, जनगणना अहवाल, स्थापित वृत्तपत्रे. समाजमाध्यमांवरील मजकूर, पुढे ढकलले जाणारे संदेश आणि कोणीही काहीही लिहू शकेल अशी संकेतस्थळे चालत नाहीत. याच नियमाने विकिपीडियाचा दुसरा लेखही संदर्भ म्हणून देता येत नाही. तुमच्याकडील तिन्हींपैकी पुस्तक सर्वांत उपयोगी ठरण्याचा संभव आहे. कात्रणही चालेल, परंतु वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, दिनांक आणि पान माहीत असले पाहिजे; नुसते कापलेले कात्रण दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही. ब्लॉग त्या विषयातील मान्यवर अभ्यासकाचा नसेल तर सोडून द्यावा.

संदर्भ आंतरजालावर असलाच पाहिजे असा नियम नाही. नगर वाचनालयातील पुस्तकही तितकेच ग्राह्य आहे. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक मात्र द्यावा. ‘अमुक ग्रंथ, संपूर्ण’ अशा संदर्भाने काहीच सिद्ध होत नाही. वृत्तपत्रांचे दुवे काही वर्षांत मरतात, म्हणून दुवा देताना इंटरनेट आर्काइव्ह या पाने साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत जतन करून तिचाही पत्ता जोडावा.

जुन्या स्रोतांबद्दल एक सावधगिरी. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील पुणे आणि सातारा हे खंड १८८५ चे आहेत. घाट, बाजारपेठा, देवळे यांच्या वर्णनासाठी ते अमूल्य आहेत. पण जातींविषयीची त्यांतील विधाने त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून आलेली आहेत आणि ती आजचे वास्तव म्हणून उतरवणे चूक ठरते. ‘१८८५ च्या गॅझेटियरनुसार’ असे म्हणून काळ स्पष्ट करावा.

लेखात एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसली तर ती टीका मानू नये. कोणीतरी तुमच्यासाठी काम नेमून ठेवले आहे.

७. मराठी विश्वकोशातील नोंद जशीच्या तशी उतरवली आणि खाली नाव दिले, तर चालेल का?

नाही. संदर्भ देणे आणि मजकूर उतरवण्याचा हक्क असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. विकिपीडियावरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली असतो, म्हणजे तो कोणालाही, व्यावसायिक कामासाठीसुद्धा, वापरता येतो. दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर अशा परवान्याखाली देण्याचा अधिकार आपल्याला नसतो. कोणत्याही ग्रंथावर किंवा संकेतस्थळावर मुक्त परवाना स्पष्टपणे लिहिलेला नसेल, तर तेथे प्रताधिकार (कॉपीराइट) आहे असेच धरून चालावे. माहिती वाचावी, ग्रंथ मिटावा आणि ती स्वतःच्या वाक्यांत लिहावी. शब्दांची अदलाबदल करून वाक्यरचना तीच ठेवली तर तीही नक्कलच ठरते.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो आणि ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये वारले, त्यामुळे त्यांनी लिहिलेल्या मजकुरावरील प्रताधिकार केव्हाच संपला आहे. म्हणून महाराष्ट्रीय ज्ञानकोशातील त्यांचा मजकूर वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्यातील माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे, ही अडचण उरतेच. जुने ग्रंथ पूर्णच उपलब्ध करून द्यायचे असतील तर त्यासाठी विकिस्रोत हा स्वतंत्र प्रकल्प आहे. काही संस्था आपण होऊन दार उघडतात: गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली दिला.

८. इंग्रजी लेखाचे भाषांतर करून टाकता येईल का?

येईल, आणि त्यासाठी भाषांतराचे साधनही उपलब्ध आहे. ते वापरल्यास मूळ लेखाची नोंद आपोआप होते. हाताने भाषांतर केल्यास कोणत्या लेखावरून केले ते सारांशात लिहिणे परवान्यानुसार आवश्यक आहे. यांत्रिक भाषांतर न वाचता प्रकाशित करणे हा मात्र या प्रकल्पातील सर्वांत मोठा उपद्रव आहे. ‘तो त्याच्या आईवडिलांचा तिसरा मूल होता’ अशी वाक्ये दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने लिहिणे सोपे पडते, आणि ते करायला कोणी येत नाही. तीस परिच्छेदांचे कच्चे भाषांतर टाकण्याऐवजी पहिले चार परिच्छेद नीट मराठीत लिहून थांबावे. मूळ लेखातील संदर्भ उघडून ते खरोखर तेच सांगतात का हेही पाहावे, कारण इंग्रजी लेखातही चुका असतात. आणि प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वतंत्र असल्याने मराठी लेखासाठी इंग्रजी लेख असण्याची गरज नाही.

९. मला माझ्या वडिलांवर (संस्थेवर, गुरूंवर, स्वतःवर) लेख लिहायचा आहे.

येथे दोन प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला उल्लेखनीयतेचा: ज्यांचा त्या व्यक्तीशी संबंध नाही अशा लोकांनी तिच्याविषयी स्वतंत्रपणे आणि सविस्तर लिहिलेले आहे का? स्मरणिका, गौरवग्रंथ, संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ, निधनाची छोटी बातमी यांनी ही अट पुरी होत नाही. एखाद्या माणसाने गावासाठी आयुष्य वेचले असेल आणि तरी त्याच्यावर कोशात लेख होऊ शकत नसेल. यात त्या माणसाचे मोठेपण कमी होत नाही. त्याविषयी लिहिण्यासाठी दिवाळी अंक आहेत, स्थानिक वृत्तपत्रे आहेत. तेथे इतरांनी लिहिले तर पुढे त्यांचाच संदर्भ होतो.

दुसरा प्रश्न हितसंबंधांचा. जवळच्या माणसाविषयी तटस्थ लिहिणे कोणालाही कठीण जाते, म्हणून लेख स्वतः न लिहिता संदर्भांची यादी चर्चा पानावर द्यावी आणि इतर सदस्यांना लिहू द्यावे. तुम्हाला या कामाचे पैसे मिळत असतील तर ते जाहीर करणे वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. गावावरील लेखाला ही अडचण सहसा येत नाही. जनगणनेत नोंद असलेल्या गावावर लेख असू शकतो.

१०. मी मेहनतीने लिहिलेला मजकूर कोणीतरी काढून टाकला. आता काय करावे?

प्रथम ‘इतिहास’ उघडावा. प्रत्येक आवृत्ती तेथे जपलेली असते, त्यामुळे तुमचे लेखन नष्ट झालेले नाही. काढणाऱ्याने सारांशात कारण लिहिले आहे का ते पाहावे. कारणे बहुधा ठरलेली असतात: मजकूर उतरवलेला होता (प्रश्न ७), संदर्भ नव्हता (प्रश्न ६), सूर जाहिरातीचा किंवा स्तुतीचा होता (प्रश्न ९ आणि १२). काही बदल ‘सांगकाम्या’ उलटवतो; तो ठरावीक कामे करणारा संगणकीय प्रोग्रॅम असून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तो चालवणाऱ्या सदस्याला सांगावे.

तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाकू नये. लेखाच्या चर्चा पानावर नेमका प्रश्न विचारावा, जसे: ‘नमस्कार. आपण इतिहास या विभागातील दुसरा परिच्छेद काढला आहे. त्यातील किल्ल्याच्या दुरुस्तीच्या वाक्याला पृष्ठक्रमांकासह संदर्भ होता. तेवढे वाक्य परत घ्यावे का?’ अशा प्रश्नाला उत्तर मिळते; ‘माझा लेख का उडवला?’ याला बहुधा मिळत नाही. शेवटी चार नागमोडी चिन्हे (~~~~) टाकली की तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते. दोघांत एकमत झाले नाही तर विषय ‘चावडी’ या सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर मांडावा. संपूर्ण पानच काढले गेले असेल तर त्याचा इतिहास तुम्हाला दिसणार नाही. अशा वेळी प्रचालकांकडे मजकुराची प्रत मागता येते, प्रताधिकारभंगामुळे पान काढले असेल तर ती मिळण्याची आशा ठेवू नये.

११. दोन विश्वासार्ह ग्रंथ परस्परविरोधी माहिती देतात. खरे कोणते मानावे?

निवाडा देणे हे आपले काम नाही. कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारे, हे लिहावे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. जेधे शकावली या जुन्या कालानुक्रमिक नोंदींनुसार फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक येतो आणि महाराष्ट्र शासनाने तोच स्वीकारला आहे. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष मानणारी परंपराही आहे. लेखात प्रमुख मत आधी आणि त्याच्या आधारासह येते, दुसरे मत त्याच्या वजनाइतकी जागा घेते. दोन्हींना समान जागा देणे म्हणजे तटस्थता, असा गैरसमज नको: ज्या मताला अभ्यासकांत आधारच नाही त्याला जागा न देणे हेच योग्य.

याच उदाहरणात आणखी एक खाचखळगा आहे. १९ फेब्रुवारी हा दिनांक जुन्या ज्युलियन पंचांगाचा आहे. आज वापरात असलेल्या ग्रेगोरियन पंचांगाने तो १ मार्च १६३० येतो. अशा ठिकाणी एखादा सदस्य दिनांक ‘दुरुस्त’ करून जातो आणि दुसरा तो परत फिरवतो. तळटीप दिली की दोघांचेही समाधान होते.

१२. थोर व्यक्तींबद्दल ‘त्यांचा’ लिहावे की ‘त्याचा’? ‘महान’, ‘लोकनेते’ वगैरे लिहावे का?

आदरार्थी बहुवचन ही मराठीची स्वाभाविक रीत आहे आणि तिने तटस्थता बिघडत नाही. एका लेखात एकच पद्धत ठेवावी. पहिल्या परिच्छेदात ‘ते’ आणि तिसऱ्यात ‘तो’ असे होऊ नये. विशेषणांचे मात्र वेगळे आहे. ‘थोर’, ‘महान’, ‘तडफदार’, ‘आदरणीय’ हे लेखकाचे मत आहे, माहिती नव्हे. त्याऐवजी त्या व्यक्तीने काय केले ते लिहावे: कोणती शाळा काढली, कोणत्या वर्षी, कोठे. बाबासाहेब आंबेडकरांविषयी ‘महान’ लिहिण्यापेक्षा ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते हे वाक्य अधिक सांगून जाते. दृढ झालेली नावे आणि पदव्या, जसे ‘महात्मा फुले’ किंवा ‘लोकमान्य टिळक’, ही ओळख म्हणून येतात. लेखाचे शीर्षक कोणते असावे यावर मतभेद असेल तर ते चर्चा पानावर ठरते.

१३. छायाचित्र कोठून घ्यावे?

स्वतः काढलेले द्यावे. ते विकिमीडिया कॉमन्सवर चढवले की सर्व भाषांत वापरता येते. शोधयंत्रात सापडलेले, वृत्तपत्रातले किंवा समाजमाध्यमावरचे छायाचित्र चालत नाही. सार्वजनिक ठिकाणी कायम उभे असलेले पुतळे आणि इमारती यांचे छायाचित्र काढून देण्यास भारतीय कायद्याची मुभा आहे. पण तीच मुभा भिंतीवरील चित्राला किंवा किल्ल्यावरच्या माहितीफलकाला लागू धरली जात नाही. म्हणजे किल्ल्याचा दरवाजा टिपावा, शेजारच्या फलकाचा जवळून काढलेला फोटो चढवू नये.

घरातील जुन्या छायाचित्रांचा प्रश्न किचकट आहे. फोटो तुमच्या अल्बममध्ये आहे म्हणून प्रताधिकार तुमचा होत नाही. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो, असे भारतीय कायदा सांगतो. मात्र कॉमन्सवरील सदस्य त्याचा पुरावा विचारू शकतात.

१४. आमच्याकडे मोडी कागद आहेत, आणि आजीला शेकडो ओव्या पाठ आहेत. त्यांवरून लिहू का?

विकिपीडियाच्या लेखात नाही. अप्रकाशित कागदांवरून काढलेला निष्कर्ष हे मूळ संशोधन ठरते, ते कितीही खरे असले तरी. कागद एखाद्या इतिहास संशोधन संस्थेला दाखवावेत. लिप्यंतर प्रसिद्ध झाले की त्याचा संदर्भ देता येतो. कागद जुने आणि प्रताधिकारमुक्त असतील तर त्यांची स्पष्ट छायाचित्रे कॉमन्सवर ठेवता येतात. ओव्यांचे ध्वनिमुद्रणही आजीच्या संमतीने तेथे देता येईल. आमच्या मते असे ध्वनिमुद्रण दहा लेखांपेक्षा मोलाचे आहे, कारण लेख पुढेही कोणी लिहील.

१५. माझ्याविषयीच्या लेखात बदनामीकारक मजकूर आहे. मी तो स्वतः काढू शकतो का?

प्रश्न ९ मध्ये स्वतःविषयी लिहू नये असे सांगितले, त्याला हा अपवाद आहे. हयात व्यक्तीविषयीचे संदर्भहीन आणि बदनामीकारक विधान कोणीही, ती व्यक्तीसुद्धा, लगेच काढू शकते. सारांशात कारण लिहावे. विधानाला विश्वासार्ह संदर्भ असेल तर मात्र स्वतः हात लावू नये. चर्चा पानावर आक्षेप नोंदवावा आणि तुमची बाजू छापून आली असेल तर तिचा संदर्भ द्यावा. जन्मतारीख चुकली असेल तर ‘मलाच माहीत आहे’ हे उत्तर पुरत नाही, हे अनेकांना विचित्र वाटते. प्रकाशित परिचय दाखवला की काम होते. लेखात घरचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक आला असेल तर तो केवळ पुसून भागत नाही, इतिहासात राहतो. तो तेथूनही लपवण्यासाठी सार्वजनिक चर्चा न करता प्रचालकांना खासगी निरोप पाठवावा.

१६. मी लिहिलेला लेख एका प्रकाशकाने पुस्तकात छापला. हे कसे चालते?

परवान्याने तशी मुभा दिलेली आहे, आणि ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबताना तुम्ही ती मान्य केलेली असते. प्रकाशकावर दोन बंधने आहेत: स्रोताचा व लेखकांचा निर्देश करणे, आणि त्या मजकुरात केलेले बदलही त्याच परवान्याखाली देणे. लेखकांची नावे लेखाच्या इतिहासात असतात, त्यामुळे लेखाचा दुवा दिला तरी निर्देशाची अट पुरी होते. पुस्तकात विकिपीडियाचा उल्लेखच नसेल तर परवान्याचा भंग झाला आहे आणि तुम्ही लिहिलेल्या भागापुरती तक्रार करण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. पैसे का घेतले अशी तक्रार मात्र करता येणार नाही.